हरणाऱ्यांचा मेळावा

‘अमेरिकेत असताना मी बँजोच्या स्पर्धेत भाग घेतला’ असे सांगितले, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे प्रथम गणपतीची मिरवणूक उभी राहते. हा दोष ऐकणाऱ्याचा नव्हे. मुंबई-कोकणात आपण ज्याला बँजो म्हणतो ते टंकलेखन यंत्रासारख्या कळांचे वाद्य वस्तुतः जपानी तैशोगोतोचे वंशज. नागोया येथील गोरो मोरिता यांनी १९१२ साली ते बनविले. आपल्याकडे येऊन ते बुलबुलतरंग झाले, पुढे त्याला विजेची जोड मिळाली आणि ‘बँजो पार्टी’ या नावाने ते वरातींतून व विसर्जनाच्या मिरवणुकांतून स्थिरावले. अमेरिकन बँजोशी त्याचे नाते केवळ नावापुरते. तो बँजो म्हणजे लाकडी कड्यावर डफासारखे ताणलेले कातडे, त्यातून निघालेली लांब मान, चार पूर्ण लांबीच्या तारा आणि मानेच्या मध्यावरच खुंटी असलेली पाचवी आखूड तार. ही पाचवी तार अंगठ्याने छेडतात व ती बहुधा एकच स्वर देत राहते. सतारीवर चिकारीचे जे काम, तेच तिचे.

या वाद्याशी प्रस्तुत लेखकाचा संबंध येण्याचे काही कारण नव्हते. व्यवसाय अर्थशास्त्राच्या अध्यापनाचा. संगीताची पुंजी म्हणजे शाळकरी वयात दोन वर्षे बडविलेली हार्मोनियम. परंतु २०२२ च्या ऑगस्टपासून वर्षभर अभ्यासवृत्तीवर नैर्ऋत्य व्हर्जिनियात राहण्याचा योग आला, आणि भाड्याच्या घराशेजारी एक निवृत्त गृहस्थ राहत होते. वय ऐंशीच्या घरात. हयात लाकडी सामानाच्या कारखान्यात गेलेली. रोज संध्याकाळी ओसरीवर बसून ते बँजो वाजवीत. महिनाभर मी कुंपणापलीकडून ऐकले. मग त्यांनीच हाक मारून बोलावले आणि एक जुना बँजो माझ्या मांडीवर ठेवला. दहा महिन्यांनी, त्यांच्याच आग्रहावरून, जवळच्या एका गावच्या मेळाव्यात मी स्पर्धक म्हणून उभा राहिलो. निकालाबाबत वाचकांची उत्कंठा ताणण्यात अर्थ नाही. पहिल्या दहांत माझे नाव नव्हते. अकरावा आलो की शेवटचा, हे सांगण्याची तेथे पद्धत नाही.

प्रश्न माझ्या अपयशाचा नाही. त्या रात्री व्यासपीठावर चढलेल्या बँजोवादकांपैकी बहुतेकांना आपण जिंकणार नाही हे माझ्याइतकेच पक्के ठाऊक होते. शेजारी तर तिशीत असल्यापासून दरसाल नाव देत आले होते आणि एकदा पाचवे आले होते, एवढीच त्यांची कमाई. मग ही माणसे येतात कशाला? आणि ज्या स्पर्धेत बहुसंख्य स्पर्धक हरण्याच्या तयारीनेच येतात, ती पिढ्यान् पिढ्या टिकते कशी?

ही प्रथा तशी फार जुनी आहे. व्हर्जिनियाच्या हॅनोव्हर परगण्यात १७३६ साली सेंट अँड्र्यूच्या सणानिमित्त भरणाऱ्या जत्रेत फिडलवादकांची चढाओढ जाहीर झाली होती, आणि तीत बक्षीस एक फिडलच होते. फिडल म्हणजे आपले व्हायोलिनच. फक्त वाजविण्याची रीत निराळी. विसाव्या शतकात या चढाओढींना नवे कारण मिळाले ते वर्गणीचे. नॉर्थ कॅरोलायनातील युनियन ग्रोव्ह येथे एच. पी. व्हॅन हॉय यांनी १९२४ साली मेळावा भरविला तो गावच्या शाळेसाठी पैसा उभा करावा म्हणून. व्हर्जिनियातील गेलॅक्स या गावी १९३५ पासून जो ‘ओल्ड फिडलर्स कन्व्हेन्शन’ भरतो, त्याचीही सुरुवात मूस लॉज या बंधुसंस्थेने निधीसाठीच केली. ऐन मंदीचे ते दिवस. गेलॅक्सचा मेळावा आज या प्रकारच्या मेळाव्यांत सर्वांत जुन्यांपैकी व सर्वांत मोठ्यांपैकी मानला जातो. ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात तेथील फेल्ट्स पार्कवर तंबूंचे आणि मोटारघरांचे एक गावच वसते. मी ज्या मेळाव्यात वाजविले तो याहून पुष्कळच लहान. त्याचे उत्पन्न गावच्या स्वयंसेवी अग्निशमन दलाला जाते. अमेरिकेच्या ग्रामीण भागात आग विझविण्याचे काम मुख्यतः अशी स्वयंसेवक मंडळीच करतात, हे मला तेथे गेल्यावर कळले. बंबाला नवी नळी हवी म्हणून बँजोची स्पर्धा, हा कार्यकारणभाव कोणत्याही पाठ्यपुस्तकात सापडणार नाही.

गेलॅक्सविषयी आणखी थोडे सांगितले पाहिजे, कारण अर्थशास्त्राच्या माणसाला त्या गावाकडे केवळ संगीतासाठी पाहता येत नाही. डोंगरात उगवणाऱ्या एका सदाहरित पानाचे नाव धारण करणारे हे गाव लाकडी सामानाच्या आणि कापडाच्या कारखान्यांवर वाढले. चिनी पलंग व कपाटे स्वस्तात येऊ लागली, आणि एकामागून एक कारखान्यांना कुलुपे लागली. तेथील व्हॉन-बॅसेट कंपनीचे जॉन बॅसेट तिसरे यांनी २००३ साली इतर कारखानदारांना जमवून चीनविरुद्ध मालाच्या अवपाताबद्दल फिर्याद केली आणि ती मान्य होऊन आयातीवर जादा जकात बसली. त्या लढ्यावर बेथ मेसी यांनी लिहिलेले पुस्तक २०१४ साली प्रसिद्ध झाले. परंतु गेलेल्या नोकऱ्या बव्हंशी गेल्याच. आमचे शेजारी त्यांच्या कारखान्याच्या शेवटच्या पाळीला हजर होते. त्याविषयी ते फारसे बोलत नसत. एकदा मात्र म्हणाले, “कारखान्यात मी चाळीस वर्षे जे केले ते दुसऱ्या देशात उचलून नेता आले. हे नाही आले.” ‘हे’ म्हणताना त्यांनी हातातला बँजो किंचित वर उचलला होता. व्यापाराच्या सिद्धान्तात ज्यांना अव्यापारयोग्य वस्तू म्हणतात, त्यांचे उदाहरण म्हणून मी वर्गात आजवर केशकर्तनालय सांगत आलो होतो.

आता वाजविण्याविषयी. बाहेरच्या जगाला ठाऊक असलेला बँजो हा बहुधा ब्लूग्रास पद्धतीचा. अर्ल स्क्रग्ज हे १९४५ च्या अखेरीस बिल मन्रो यांच्या ताफ्यात आले आणि तीन बोटांना नख्या चढवून त्यांनी जी विजेसारखी लय निर्माण केली तिने वाद्याचे रूपच पालटले. ‘ओल्ड-टाइम’ म्हणतात ते संगीत त्याआधीचे. नाचाच्या साथीचे, फिडल आणि बँजोच्या जोडीचे. त्यातल्या बँजोची प्रमुख पद्धत म्हणजे क्लॉहॅमर. यात बोट तार वर ओढीत नाही. पंजा अर्धवट मिटून तर्जनीच्या किंवा मधल्या बोटाच्या नखाची पाठ तारेवर खाली आपटायची आणि लगोलग अंगठा पाचव्या तारेवरून सुटायचा. दिसायला सोपे, मला पहिले सहा आठवडे निव्वळ ठोकण्याचा आवाज निघत होता. हे साधण्यासाठी मनगट सैल सोडावे लागते, आणि अध्यापकाच्या मनगटाला खडूची सवय असली तरी सैलपणाची नसते.

या पद्धतीचे थोर वादक कोण, हे पाहिले म्हणजे मूळ प्रश्नावर बराच प्रकाश पडतो. टॉमी जॅरेल हे (१९०१-१९८५) नॉर्थ कॅरोलायनातील माउंट एअरीजवळचे, फिडल व बँजो दोन्हींतले अधिकारी पुरुष. ते राज्याच्या रस्ते खात्यात रस्ता सपाट करण्याचे यंत्र चालवीत आणि १९६६ मध्ये निवृत्त झाले. त्यानंतर शहरातून येणाऱ्या तरुणांची त्यांच्या घरी रीघ लागली. ते त्यांना शिकवीत आणि जेवूही घालीत. १९८२ साली अमेरिकेने लोककलावंतांसाठी राष्ट्रीय सन्मान सुरू केला तेव्हा पहिल्याच वर्षी तो त्यांना मिळाला. काइल क्रीड (१९१२-१९८२) घरे बांधीत आणि उत्तम बँजोही बनवीत. वेड वॉर्ड (१८९२-१९७१) शेती करीत आणि जमिनींच्या लिलावांत गर्दी जमावी म्हणून वाजवीत. पोटापाण्याचा धंदा म्हणून बँजो यांपैकी कोणाचाच नव्हता. आपल्याकडे ‘हौशी’ या शब्दाला थोडा हिणकस वास येतो. ‘हौशी कलाकार’ म्हणजे ज्याला व्यावसायिक होता आले नाही तो. ओल्ड-टाइम संगीतात मात्र हौशी आणि थोर ही दोन टोके नव्हती. जो सर्वोत्तम वाजवी, तोही दुसऱ्या दिवशी सकाळी कामावर जाई. त्यामुळे नवशिक्याला त्याच्याच व्यासपीठावर, त्याच रात्री, त्याच्यानंतर चार क्रमांकांनी उभे राहण्यात कोणाला धाडस वाटत नाही.

अर्थशास्त्राने स्पर्धेचा विचार केलेला नाही असे नाही. ॲडम स्मिथने १७७६ सालीच लॉटरीच्या संदर्भात लिहून ठेवले, की प्रत्येक माणूस स्वतःच्या नशिबाचे मोल वाजवीपेक्षा अधिक धरतो. एडवर्ड लझीअर आणि शर्विन रोझेन यांनी १९८१ साली क्रमवारीच्या स्पर्धेचा सिद्धान्त मांडला: पहिल्या व दुसऱ्या बक्षिसातले अंतर जितके मोठे, तितका स्पर्धकांचा प्रयत्न अधिक. त्याच वर्षी रोझेन यांनी एकट्याने लिहिलेल्या एका निबंधात, ध्वनिमुद्रणाच्या युगात गुणवत्तेतील लहानशा फरकाला उत्पन्नातील प्रचंड फरक कसा चिकटतो, हे दाखविले. तिन्ही सिद्धान्त मी गेली कित्येक वर्षे शिकवीत आहे. त्या रात्री तिन्ही निरुपयोगी ठरले. पहिले बक्षीस शंभर डॉलर होते. चांगल्या बँजोची किंमत हजाराच्या पुढे. नावनोंदणीची फी दहा डॉलर. स्वतःच्या नशिबाविषयी कोणाचाही भ्रम नव्हता. आणि प्रयत्न म्हणाल, तर माझ्या आधीच्या क्रमांकाच्या बाई मंचाच्या पायऱ्यांवर उभ्या राहून पुढची कोणती धून वाजवावी याची शेजाऱ्याशी चर्चा करीत होत्या.

उलगडा हिशेबाच्या दुसऱ्याच रकान्यात होता. दहा डॉलर भरून स्पर्धक म्हणून नाव नोंदविले की दारावरचे तिकीट माफ, आणि मैदानात तंबू ठोकण्याची मुभा. अशी सवलत इतरही काही मेळाव्यांत असते. म्हणजे स्पर्धक होणे हा आत येण्याचा स्वस्त मार्ग; आणि आत जे चालते ते व्यासपीठावर चालत नाही. मैदानात, मोटारींच्या मध्ये, ताडपत्रीच्या छपरांखाली, पाचपाच सातसात जणांची कोंडाळी बसलेली असतात. एक जण धून सुरू करतो, बाकीचे तीत मिसळतात. ब्लूग्रासमध्ये जशी प्रत्येकाला एकट्याने पुढे येण्याची पाळी असते तशी येथे नसते. सर्वांनी मिळून तीच धून, पुन्हापुन्हा, दहादहा मिनिटे. ज्याला येत नाही तो मागे बसून दोन स्वर धरतो आणि सातव्या-आठव्या आवर्तनापर्यंत त्याला थोडी येऊ लागते. मी दहा महिन्यांत जितके शिकलो त्याचा निम्मा भाग त्या तीन दिवसांत शिकलो, असे म्हटले तर ओसरीवरच्या गुरूंचा अवमान होऊ नये. तेच मला त्या कोंडाळ्यांतून फिरवीत होते.

मग स्पर्धा हवी कशाला, नुसतेच जमावे, असे कोणी म्हणेल. मलाही प्रथम तसेच वाटले. परंतु नुसते जमणे हे कोणाच्याच जबाबदारीचे नसते. स्पर्धा आहे म्हणून तारीख ठरते, मैदान मिळते, दारावर तिकीट लावता येते, अग्निशमन दलाला पैसा मिळतो, वर्तमानपत्रात चार ओळी येतात. संगीत सार्वजनिक हिताचे, पण त्याचा खर्च भागवायला एक खाजगी चढाओढ. आणि मानवी स्वभावाचीही एक बाजू आहे. ‘या, बसा, वाजवा’ म्हटल्याने मी दोनशे मैल गेलो नसतो. ‘अमुक तारखेला तुझा क्रमांक आहे’ म्हटल्यावर मे, जून, जुलै रोज रात्री सराव केला.

माझ्या क्रमांकाची हकिगत आता सांगतो. धून ‘ओल्ड जो क्लार्क’ होती. जवळजवळ प्रत्येक नवशिक्या शिकतो ती. निषाद कोमल असल्यामुळे आपल्या कानाला ती खमाज थाटातली वाटते, आणि मी ती निवडण्याचे खरे कारण तेच. ही धून मुख्य तारांवर दुसऱ्या पडद्याला चाप लावून वरच्या पट्टीत वाजवितात. चाप चारच तारांना लागतो; पाचव्या तारेची खुंटी वर असल्यामुळे ती वेगळी चढवावी लागते. त्यासाठी बँजोच्या मानेवर खेळातल्या आगगाडीच्या रुळांचे बारीक खिळे ठोकलेले असतात आणि तार त्या खिळ्याखाली अडकवली की झाले. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. दंव पडून कातडे ढिले झाले होते, त्यामुळे सूर जुळविण्यात सारे लक्ष गुंतले आणि क्रमांक पुकारला गेला. परीक्षक मंचाशेजारच्या एका बंद वाहनात बसलेले. त्यांना वादक दिसत नाही, नाव कळत नाही, केवळ क्रमांक. चाप लावला, वाजवू लागलो आणि दुसऱ्या आवर्तनात ध्यानात आले, की पाचवी तार खिळ्याखाली घातलेलीच नाही. षड्जाची चिकारी कोमल निषादावर वाजत होती. थांबणे शक्य नव्हते. अडीच मिनिटे ती तार प्रत्येक मात्रेला माझी चूक मैदानभर सांगत राहिली.

खाली उतरलो तेव्हा एक दाढीवाला तरुण जवळ आला व अगदी गंभीरपणे विचारू लागला, “हे कोणते ट्यूनिंग होते?” डोंगराळ भागात बँजो डझनावारी निरनिराळ्या प्रकारे लावतात व काही लावण्या घराण्याघराण्यांच्या असतात, त्याला वाटले, ही हिंदुस्थानातली असावी. खरे सांगितल्यावर तो मनापासून हसला आणि आपल्या कोंडाळ्यात घेऊन गेला. तेथे मी पहाटे तीनपर्यंत होतो. खिळा आणि पाचवी तार यांचा विनोद दुसऱ्या दिवशी माझ्या आधीच सगळ्या तंबूंत पोहोचला होता.

हे सर्व इतके गोड मानून घेण्यातही धोका आहे, हे नमूद केले पाहिजे. परीक्षा आली की अभ्यासक्रम परीक्षेसारखा होतो, हा शिक्षकांचा अनुभव. चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ साली चलनधोरणाविषयी बोलताना नेमके हेच सांगितले: नियंत्रणासाठी एखादे मोजमाप वापरू लागले, की ते मोजमाप विश्वासार्ह राहत नाही. फिडलच्या क्षेत्रात याचे उदाहरण ढळढळीत आहे. आयडाहो राज्यातील वीझर येथे राष्ट्रीय फिडल स्पर्धा भरते. तेथे परीक्षक वेगळ्या खोलीत बसून केवळ ऐकतात, फेऱ्या असतात, आणि प्रत्येक फेरीत एक जलद नृत्यधून, एक वॉल्ट्झ व एक आवडीची धून वाजवावी लागते. न्यायाची एवढी काळजी घेतल्याचा परिणाम असा झाला, की टेक्सासकडील आलंकारिक, बांधीव पद्धत स्पर्धेची पद्धत म्हणून देशभर पसरली आणि तिच्यापुढे ठिकठिकाणच्या खेडवळ रीती मागे पडल्या. परीक्षक निःपक्षपाती होते, यात शंका नाही. वेस्ट व्हर्जिनियात क्लिफटॉप येथे १९९० पासून जो महोत्सव भरतो, त्यात ताफ्यांच्या स्पर्धेचे ‘पारंपरिक’ आणि ‘नवपारंपरिक’ असे दोन विभाग आहेत. परंपरा कोठे संपते हे तेथे प्रवेशपत्रिकेवर ठरवावे लागते. मला ती सोय वाटली. शेजाऱ्यांना ते हास्यास्पद वाटले. “माझ्या बापाला विचारले असते तर तो कोणत्या विभागात गेला असता?” असा त्यांचा प्रश्न होता.

परंपरा कोणाची, हा प्रश्न याहून बोचरा आहे. बँजो गोऱ्या डोंगराळ माणसांचे वाद्य म्हणून जगभर ओळखले जाते. ते आले आफ्रिकेतून, गुलामांबरोबर. टॉमस जेफरसनने अठराव्या शतकातच नोंद करून ठेवली आहे, की काळ्या लोकांचे हे वाद्य त्यांनी आफ्रिकेतून आणले. भोपळ्यावर कातडे ताणून केलेली अशी वाद्ये वेस्ट इंडीजमध्ये सतराव्या शतकापासून आढळतात. सेनेगल-गॅम्बियाकडील जोला लोकांचे अकॉन्टिंग आजही नखाने खाली आघात करून आणि आखूड तार अंगठ्याने छेडून वाजवितात. क्लॉहॅमरशी त्याचे साम्य गॅम्बियाचे संशोधक डॅनियल जाटा यांनी जगापुढे आणले. व्हर्जिनियाच्या जोएल स्वीनीसारख्या गोऱ्या वादकांनी एकोणिसाव्या शतकात ते रंगभूमीवर नेले, तोंडाला काजळी फासून काळ्यांची नक्कल करणाऱ्या तमासगिरांनी त्याची थट्टा केली, आणि १९२० नंतर ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी आपल्या याद्यांत काळ्यांचे संगीत एका मालिकेत व गोऱ्यांचे ‘ओल्ड-टाइम’ संगीत दुसऱ्या मालिकेत टाकले. खेड्यात दोघे तेच फिडल, तोच बँजो, बहुधा त्याच धुना वाजवीत होते. दुकानदाराच्या सोयीसाठी पाडलेले कप्पे पुढे संस्कृतीची वर्गवारी झाले. क्लिफटॉपचा महोत्सव ज्या कॅम्प वॉशिंग्टन-कार्व्हरवर भरतो, ती जागा १९४२ साली वेस्ट व्हर्जिनियातील काळ्या मुलांच्या शिबिरासाठी बांधलेली. तेथे आज जमणारे वादक बहुतांशी गोरे.

२००५ साली नॉर्थ कॅरोलायनातील बून येथे काळ्या बँजोवादकांचा मेळावा भरला. तेथे जमलेल्या तरुणांतून ‘कॅरोलायना चॉकलेट ड्रॉप्स’ हा ताफा निघाला. मीबन गावचे वृद्ध काळे फिडलवादक जो थॉम्प्सन (१९१८-२०१२) यांच्या ओसरीवर बसून ते शिकले. २०११ मध्ये त्यांना ग्रॅमी पारितोषिक मिळाले, आणि त्यांच्यापैकी रायनन गिडन्स यांना २०१७ साली मॅकआर्थर फाउंडेशनची अभ्यासवृत्ती. मी वाजविले त्या मेळाव्यात मात्र काळे वादक मला दोनच दिसले. दोनतीन मोटारघरांवर यादवी युद्धातील दक्षिणेचे निशाण होते. माझ्याशी कोणी वावगे वागले नाही. एका निशाणवाल्याने तर मला तुटलेल्या तारेच्या बदली नवी दिली व पैसे घेतले नाहीत. या दोन गोष्टींची वजाबाकी करून एकच आकडा काढण्याचा मी प्रयत्न केला, तो जमला नाही.

परत आल्यावर आपल्याकडच्या स्पर्धा निराळ्या दिसू लागल्या. हौशी नाटकांच्या राज्य स्पर्धेने आणि महाविद्यालयीन एकांकिकांनी आपल्या रंगभूमीला काय दिले हे नव्याने सांगायला नको. तालमीच्या हॉलातली ती रात्रीची चहाची भांडी आणि तंबूंतली कोंडाळी यांत मला फरक दिसत नाही. पण गेल्या दोन दशकांत दूरचित्रवाणीवरील गायनस्पर्धांनी स्पर्धेचा जो साचा घरोघर नेला, तो रोझेन यांच्या सिद्धान्ताबरहुकूम आहे. हजारोंची चाचणी, मूठभरांची निवड, एकाचा जयजयकार. बाकीच्यांनी मुंबईच्या स्टुडिओबाहेर रांगेत काय शिकावे? त्यांना एकमेकांशेजारी बसून गाण्याची जागाच ठेवलेली नसते. माझ्या ओळखीच्या एका मुलीने अशा चाचणीत नापास झाल्यावर गाणे सोडले. आवाज चांगला होता तिचा. ज्या स्पर्धेतून हरलेला माणूस कमी वाजवू लागतो, ती विजेत्याला कितीही मोठे करो, गावाच्या संगीताच्या दृष्टीने तोट्याचाच व्यवहार. मला सुचते ते एवढेच, की आपल्या हौशी स्पर्धांच्या आयोजकांनी प्राथमिक फेरीची चाळणी शक्य तेथे सोडून द्यावी, बक्षीस लहान ठेवावे, आणि मैदानात मुक्कामाची सोय करावी. मंडप मोठा करण्यापेक्षा तीस सतरंज्या अधिक उपयोगी पडतील. रात्री दोनपर्यंत परीक्षकांना बसावे लागेल, हे खरे. तिकडेही ते बसतात आणि कुरकुरतातही.

शेजाऱ्यांनी निरोप देताना तो जुना बँजो मलाच दिला. पुण्याच्या पावसाळ्यात त्याचे कातडे व्हर्जिनियाच्या दंवापेक्षाही ढिले पडते. यंदाच्या मेळाव्याची प्रवेशपत्रिका त्यांनी पोस्टाने पाठविली आहे. समासात पेन्सिलीने एक बारीक खिळा काढलेला आहे. ऑगस्टमध्ये आमचे सत्र चालू असते, त्यामुळे जाणे होणार नाही. पत्रिका भरून, दहा डॉलर त्यांच्या नातवाकरवी पोहोचते केले आहेत. माझा क्रमांक पुकारला जाईल तेव्हा कोणी उभे राहणार नाही, हे त्यांनी व्यवस्थापकांना सांगून ठेवले आहे.